विहिरीच्या पाण्यात तुमचा रेणू कोणाला धरतो?

हा प्रश्न फोंडा तालुक्यातील एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारला आहे. तिने प्रकल्पासाठी सॅलिसिलाल्डिहाइड आणि एका ॲरोमॅटिक अमाइनपासून शिफ बेस (आल्डिहाइड आणि अमाइन जोडून मिळणारा, इमाइन बंध असलेला रेणू) तयार केला. ॲसिटोनायट्राइलमधील त्याच्या द्रावणात तांब्याचा क्षार टाकताच फिकट पिवळा रंग गडद होतो आणि अतिनील दिव्याखाली दिसणारी चमक मावळते. या रेणूला मॉलिक्युलर सेन्सर (ठरावीक आयन किंवा रेणू ओळखून रंग वा चमक बदलणारा रेणू) म्हणता येईल का, यात सुप्रामॉलिक्युलर असे नेमके काय आहे, आणि गावच्या विहिरीतील लोह व मँगनीज किंवा बाजारातील मासळीतील फॉर्मेलिन (फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण) अशा रेणूने तपासता येईल का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. मी गेली अनेक वर्षे गोव्यात याच विषयावर काम करीत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी मधला प्रश्न घेऊ. नेहमीचे रसायनशास्त्र अणूंना सहसंयुज बंधांनी जोडून रेणू घडवते. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राला त्या पुढची गोष्ट हवी असते. एक तयार रेणू दुसऱ्या रेणूला किंवा आयनाला कसा ओळखतो, हायड्रोजन बंध, विद्युतभारांचे आकर्षण, वलयांची एकमेकांवरील रचना अशा तुलनेने हळव्या बंधांनी त्याला कसा धरून ठेवतो आणि वेळ आली की सोडून कसा देतो, हा त्याचा अभ्यासविषय आहे. एमिल फिशर यांनी 1894 मध्ये एन्झाइमसाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली, तेव्हा ही कल्पना जन्मली होती. मात्र माणसाने स्वतः घडवलेले कुलूप हाती यायला 1967 साल उजाडले. ड्यूपाँट कंपनीतील चार्ल्स पेडरसन व्हॅनेडियमसाठी एक लिगँड, म्हणजे धातूच्या आयनाला धरणारा रेणू, बनवू पाहत होते. त्यांच्या कच्च्या मालात थोडे कॅटेकॉल अशुद्धी म्हणून राहिले होते. त्यातून जेमतेम 0.4 टक्के इतके पांढरे, तंतुमय स्फटिक मिळाले. मिथेनॉलमध्ये सहसा न विरघळणारा तो पदार्थ सोडियमचा क्षार टाकताच विरघळू लागला. बारा कार्बन आणि सहा ऑक्सिजन यांच्या कड्याच्या मधोमध धातूचा आयन जाऊन बसतो, हे पेडरसन यांनी ओळखले, आणि डायबेन्झो-18-क्राउन-6 जगासमोर आले. डॉक्टरेट नसलेल्या या संशोधकाला डोनाल्ड क्रॅम आणि झाँ-मारी लेन यांच्यासह 1987 चे नोबेल मिळाले. अर्धा टक्काही नसलेला तो पदार्थ त्यांनी टाकून दिला नाही, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो, कारण आपल्याकडे पदार्थ वेगळे करणाऱ्या कॉलममधून उतरणारा शेवटचा फिकट पट्टा बहुतेक वेळा न पाहताच सिंकमध्ये जातो.

आता खरा मुद्दा. यजमान रेणू, म्हणजे धरणारा, पाहुण्याला, म्हणजे धरल्या जाणाऱ्या आयनाला किंवा रेणूला, किती घट्ट धरतो, हे बंधनस्थिरांक सांगतो. तो आकडा रेणूइतकाच द्रावकाचाही असतो, आणि नेमके हेच प्रकल्पांच्या अहवालांत विसरले जाते. पोटॅशियमच्या आयनाचा व्यास सुमारे 2.76 अँगस्ट्रॉम आणि 18-क्राउन-6 ची पोकळी साधारण 2.6 ते 3.2 अँगस्ट्रॉम, म्हणजे जोडी नेमकी जमलेली. मिथेनॉलमध्ये या जोडीचा बंधनस्थिरांक दहा लाखांच्या घरात असतो. तोच रेणू आणि तोच आयन पाण्यात घातला की तो आकडा सुमारे शंभरावर येतो. पोकळी तीच राहिली, आयनही तोच राहिला, फक्त पाण्याच्या रेणूंनी आयनाला आधीच वेढलेले असते आणि आपल्या यजमानाला तो वेढा सोडवून आयन आत घ्यावा लागतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की तुमचा रेणू सोडियमशी, कॅल्शियमशी किंवा तांब्याशी झुंजण्याआधी पाण्याशी झुंजत असतो, आणि या पहिल्या झुंजीचा निकाल लागेपर्यंत ‘सेन्सर’ हा शब्द शीर्षकात घालण्याची घाई करू नये.

हे मी स्वतः चुकून शिकलो. आम्ही फ्लुओराइडसाठी नायट्रोफेनिल गट असलेले एक युरिया संयुग बनवले होते. डीएमएसओ (डायमेथिल सल्फॉक्साइड) या द्रावकात टेट्राब्युटिलअमोनियम फ्लुओराइड टाकताच ते नारिंगी होई, क्लोराइडने आणि ब्रोमाइडने मात्र काहीच होत नसे, आणि आम्हाला वाटले की निवडकता साधली. हे मोजमाप एप्रिलचे होते. जुलैत तेच मोजमाप पुन्हा केले तेव्हा प्रतिसाद निम्म्यावर आला होता. डीएमएसओ हवेतील ओल अधाशासारखी शोषून घेतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडलेली बाटली आठवडाभरातच बदललेली असते. मग शंका येऊन आम्ही फ्लुओराइडऐवजी थोडा हायड्रॉक्साइड टाकून पाहिला, तर हुबेहूब तोच नारिंगी रंग आला. म्हणजे आमच्या युरियाने फ्लुओराइडला हायड्रोजन बंधांनी मिठी मारलेली नव्हती. फ्लुओराइडने अल्कलीप्रमाणे त्याचा प्रोटॉन काढून घेतला होता, इतकेच. युरिया आणि फ्लुओराइड यांच्यातील हा प्रकार इटलीतील पाविया येथील लुईजी फाब्रित्सी यांच्या गटाने काळजीपूर्वक दाखवून दिला होता आणि आम्ही तो वेळेवर वाचायला हवा होता. पाण्यात तर फ्लुओराइडभोवतीचे जलयोजन, म्हणजे पाण्याच्या रेणूंचा वेढा, इतके घट्ट असते, क्लोराइडच्या 340 च्या तुलनेत सुमारे 465 किलोज्यूल प्रति मोल, की पिण्याच्या पाण्यातील 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा साध्या युरियाने ओळखणे शक्यच नव्हते.

तुमच्या शिफ बेसकडे वळतो. तांब्याने रंग बदलला याचा मला आनंद आहे, आश्चर्य मात्र नाही. आयर्व्हिंग आणि विल्यम्स यांनी दाखवलेला क्रम तुम्ही पाठ केलेला असेल: मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे अशी संकुलांची (धातूचा आयन आणि लिगँड यांच्या जोडणीची) स्थिरता वाढत जाते आणि जस्ताकडे पुन्हा उतरते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेला जवळजवळ कोणताही लिगँड या यादीतून तांब्यालाच निवडणार. ती निवड तांब्याच्या स्वभावातून आलेली आहे, तुमच्या रचनेतून नव्हे. जगभरच्या नियतकालिकांत तांब्याच्या सेन्सरांची इतकी गर्दी का आणि मँगनीजचे सेन्सर इतके विरळ का, याचे उत्तर या एका ओळीत आहे.

शिवाय चमक मावळणे हा कमकुवत पुरावा आहे. तांबे आणि फेरिक लोह हे दोन्ही अनुचुंबकीय (एकटे इलेक्ट्रॉन असलेले) आयन आहेत, ते जवळ आले की बहुतेक फ्लुओरेसंट रेणूंची चमक विझवतात. फेरिक आयन तर 300 ते 400 नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाश स्वतःच गिळतो, त्यामुळे तुमच्या रेणूपर्यंत उत्तेजक प्रकाश पोहोचतच नाही आणि आलेखावर मात्र सुंदर उतरती रेषा मिळते. ती रेषा बंधनाची नसते, सावलीची असते. म्हणून फ्लुओरेसन्सचे कोणतेही अनुमापन (आयन थोडा थोडा मिसळत केलेले मोजमाप) करताना प्रत्येक टप्प्यावर शोषणाचा वर्णपटही घ्यावा, हा माझा आग्रह आहे.

विझणाऱ्या चमकेपेक्षा पेटणारी चमक विश्वासार्ह, आणि ती कशी रचावी हे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम केलेल्या, मूळच्या श्रीलंकेच्या ए. पी. डिसिल्व्हा यांनी उत्तम दाखवले आहे. अँथ्रासीनसारखा चमकणारा भाग, मध्ये लहानसा दुवा आणि पलीकडे आयन धरणारा अमाइनयुक्त भाग अशी ती रचना असते. आयन नसताना नायट्रोजनवरील मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी उत्तेजित अँथ्रासीनला इलेक्ट्रॉन देऊन त्याची चमक मारते. आयन येऊन बसला की ती जोडी त्याच्यात गुंतते, देवाणघेवाण थांबते आणि दिवा पेटतो. याच तत्त्वावरचे सेन्सर रक्तातील सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम मोजणाऱ्या लहान उपकरणांत गेले. इथे एक बारकावा आहे. रक्तात सोडियम सुमारे 140 मिलिमोलर असते, म्हणून तिथे अतिघट्ट पकड नुकसानकारक ठरते, कारण सगळ्या जागा कायम भरलेल्या राहतील आणि 130 व 145 यांतला फरक दिसणार नाही. पकड मुद्दाम सैल ठेवावी लागते. याउलट त्याच रक्तात पोटॅशियम जेमतेम 4 मिलिमोलर, म्हणून तिथे सोडियमला सुमारे दहा हजार पटींनी नाकारणारे व्हॅलिनोमायसिन कामाला येते. सूक्ष्मजीवांनी बनवलेला हा कडीसारखा रेणू आज अनेक रुग्णालयांच्या इलेक्ट्रोलाइट यंत्रांत पोटॅशियमच्या इलेक्ट्रोडमध्ये बसलेला आहे. सुप्रामॉलिक्युलर रसायन कशासाठी, असे कोणी विचारले की मी हेच उदाहरण देतो. दुसरे उदाहरण सुगामाडेक्सचे. आठ ग्लुकोजच्या कड्यापासून घडवलेला हा रेणू शस्त्रक्रियेनंतर स्नायू शिथिल करणाऱ्या रोक्युरोनियमला आपल्या पोकळीत कोंडून घेतो आणि रुग्णाच्या स्नायूंची शक्ती परत येते. दोन्ही ठिकाणी काम पाण्यात चालते, म्हणूनच मी ही उदाहरणे निवडली.

आता तुम्हाला सेन्सरचा दावा करायचाच असेल, तर काही चाचण्या टाळता येणार नाहीत. सर्वांत आधी पाहा की रेणू टिकतो का. शिफ बेसचा इमाइन बंध पाण्यात तुटू शकतो आणि तांब्याच्या आयनासारखे लुईस आम्ल (इलेक्ट्रॉन-जोडी स्वीकारणारे) त्याला मदतच करते. तुम्हाला दिसलेला रंग संकुलाचा आहे की तुटून परत मिळालेल्या आल्डिहाइड-अमाइनच्या मिश्रणाचा, हे तपासायला हवे. तांबे अनुचुंबकीय असल्याने रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर वर्णपटाच्या रेषा फुगतात, म्हणून आधी धातूला घट्ट धरणारे ईडीटीए टाकून तांबे काढून घ्या, मग टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करण्याची चाचणी) करा आणि शक्य असेल तर रेणूचे वस्तुमान सांगणारा मास स्पेक्ट्रम घ्या. ईडीटीएनंतर मूळ वर्णपट जसाच्या तसा परतला, तर बंधन उलटवता येणारे आहे आणि सेन्सर हा शब्द शोभतो. परतला नाही, तर ती एकदाच घडणारी अभिक्रिया आहे. तशा रेणूला केमोडोसिमीटर म्हणतात. ते उपयोगी असते, फक्त त्याचे नाव आणि गणित वेगळे. रोडामाइन बी या रंगद्रव्याच्या हायड्राझाइडवर तांब्याची अशीच अभिक्रिया घडवून चमक पेटवण्याचे काम अँथनी झार्निक यांच्या गटाने 1997 मध्ये केले, तेही पाण्यात, आणि ते या विषयातील एक अतिशय प्रामाणिक काम आहे.

मग क्षार बदलून पाहा. कॉपर ॲसिटेट वापरले असेल तर ॲसिटेट स्वतः अल्कलीसारखे वागून फिनॉलचा प्रोटॉन काढू शकते, म्हणून एकटे सोडियम ॲसिटेट टाकून रंग बदलतो का ते बघा. फेरिक क्षाराचे साठा-द्रावण चांगलेच आम्लधर्मी असते, म्हणून नुसत्या सौम्य आम्लाचीही चाचणी हवी. पीएच बफरने बांधून ठेवल्याशिवाय घेतलेला कोणताही आकडा मी स्वीकारत नाही. यजमान आणि पाहुणा कोणत्या प्रमाणात जोडले जातात हे दाखवणारा जॉब प्लॉट अजूनही प्रत्येक प्रबंधात दिसतो, परंतु एकापेक्षा अधिक प्रकारची संकुले द्रावणात असली की तो सहज फसवतो. हिबर्ट आणि थॉर्डार्सन यांनी 2016 मध्ये त्याची मर्यादा स्पष्टपणे मांडली आहे. त्याऐवजी संपूर्ण अनुमापनाचा वक्र संगणकावर वेगवेगळ्या प्रतिमानांशी जुळवून पाहावा. सरळ रेषेच्या हव्यासापायी बंधनस्थिरांकासाठी बेनेसी-हिल्डेब्रँडचा आलेख काढणेही मी केव्हाच सोडले आहे.

सर्वांत महत्त्वाची चाचणी स्पर्धेची. ‘इतर आयनांनी रंग बदलला नाही’ एवढे पुरेसे नाही. इतर आयन आधी घालून ठेवा, खऱ्या पाण्यात असतात तितक्या प्रमाणात, आणि मग लक्ष्य आयन टाका. मँगनीजचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या दाराशी आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोह-मँगनीजच्या खाणी चालल्या, 2012 मध्ये त्या थांबल्या, पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द ठरवले, पण खाणमातीच्या डंपांवरून ओहोळात आणि शेतात उतरणारी लाल माती थांबली नाही. पिण्याच्या पाण्यात मँगनीजची स्वीकार्य मर्यादा 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे 1.8 मायक्रोमोलर. त्या पातळीवर सेन्सरच्या निम्म्या जागा भरायच्या तर बंधनस्थिरांक साडेपाच लाखांच्या आसपास हवा. त्याच पाण्यात कॅल्शियम 20 मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर ते 0.5 मिलिमोलर झाले, मँगनीजच्या सुमारे 275 पट. म्हणजे रेणूची कॅल्शियमवरील पकड मँगनीजच्या 275 व्या हिश्शाइतकी असली, तरी दोघे मिळून जागा समसमान वाटून घेतील आणि तुमचा आकडा खोटा निघेल. आयर्व्हिंग-विल्यम्स क्रमाच्या तळाशी असलेल्या मँगनीजसाठी हे साधणे फार कठीण आहे. अवघड आहे म्हणूनच मला तो प्रश्न तांब्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

लोहाबाबत माझे मत वेगळे आहे. हायड्रॉक्सिलअमाइनने सारे लोह फेरस अवस्थेत आणून फिनँथ्रोलिन टाकले की 510 नॅनोमीटरला नारिंगी-तांबडा रंग मोजता येतो, आणि ही रीत तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आजही उत्तम चालेल. तिथे नवा सेन्सर रचण्यात वर्ष घालवू नये. फक्त नमुना घेताना गाळलेले आणि न गाळलेले पाणी वेगळे मोजा. पावसाळ्यात मांडवीच्या उपनद्यांतून येणाऱ्या गढूळ पाण्यात बरेचसे लोह मातीच्या कणांवर असते, आणि 0.45 मायक्रॉनच्या गाळणीआधी व नंतर आकडा पार बदलतो. धातूंसाठी नमुना नायट्रिक आम्लाने पीएच 2 च्या खाली ठेवतात, हे बरोबरच आहे, पण तसा नमुना थेट सेन्सरवर ओतला तर तुमचा इमाइन क्षणात तुटेल.

मांडवी किंवा झुआरीच्या मुखाजवळचे पाणी घ्यायचा मोह होईल. उन्हाळ्यात तिथे समुद्र आत आलेला असतो, सोडियम जवळजवळ अर्ध्या मोलरपर्यंत पोहोचते, आणि शिशाची 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा म्हणजे जेमतेम 48 नॅनोमोलर. एकाच घाटावरचे पाणी जानेवारीत खारट आणि ऑगस्टमध्ये जवळपास गोडे असते, म्हणून तिथे एक बंधनस्थिरांक वर्षभर चालत नाही. या टप्प्यावर विहीरच बरी.

फॉर्मेलिनचा प्रश्न लोकांच्या मनात का आहे हे मी जाणतो. 2018 च्या जुलैत परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातमीने घराघरांत भीती शिरली, कित्येकांनी आठवडेच्या आठवडे हुमण (मासळीची आमटी) केले नाही. रसायनाच्या दृष्टीने फॉर्माल्डिहाइड हा पाहुणा म्हणून धरण्याजोगा रेणू नव्हेच. पाण्यात तो जवळजवळ सगळाच जलयोजित रूपात असतो, आणि त्याला ओळखणाऱ्या पद्धती त्याच्याशी अभिक्रिया करतात. 1953 ची नॅश यांची पद्धत ॲसिटिलॲसिटोन व अमोनियासह पिवळे संयुग देते, ते 412 नॅनोमीटरला मोजतात. परंतु खरी अडचण ओळखण्यात नाही, अर्थ लावण्यात आहे. समुद्री माशांच्या अंगातील ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड मृत्यूनंतर फुटते आणि त्यातून डायमेथिलअमाइनबरोबर फॉर्माल्डिहाइडही नैसर्गिकरीत्या तयार होते. बोंबलासारख्या माशांत ते विशेष आढळते. त्यामुळे तपासणीची पट्टी रंगली म्हणजे कोणी फॉर्मेलिन ओतले असे म्हणता येत नाही, आणि रंगली नाही तर निर्धास्त व्हावे असेही नाही. या विषयावर काम करायचे असेल, तर नवा रेणू बनवण्याआधी बर्फात ठेवलेल्या ताज्या मासळीत पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी स्वाभाविक प्रमाण किती असते, हे जातीनिहाय मोजावे. मला विचाराल तर हा प्रकल्प तुमच्या शिफ बेसपेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल, आणि नॅशच्या अभिकर्मकाला खर्चही फारसा येत नाही.

तरीही शिफ बेस सोडून द्या असे मी म्हणणार नाही. इमाइनचे सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करा, म्हणजे पाण्यात टिकणारा अमाइन मिळेल. त्याला एक-दोन कार्बोक्झिलेट गट जोडा, विरघळण्यासाठी आणि मँगनीजसारखे ‘कठीण’, म्हणजे ऑक्सिजनकडे ओढ असलेले, आयन धरण्यासाठीही. मग पीएच 7.2 च्या बफरमध्ये मँगनीज, कॅल्शियम आणि जस्त या तिघांचे बंधनस्थिरांक मोजा. तांबे सर्वांत शेवटी. तीन आकडे हाती आले की मार्गदर्शकांना घेऊन बसा. नमुन्यासाठी एकाच विहिरीचे पाणी मेमध्ये, तळ दिसत असताना, आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, काठोकाठ भरलेले असताना, आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, आणि प्रत्येक वेळी एक बाटली आयसीपी-एमएस या धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावरील पडताळणीसाठी राखून ठेवा.